कोकण परिक्षेत्राचे पोलीस मुख्यालय कुठे असावे? गृह विभागास खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : विशेष पोलीस महानिरीक्षक, कोकण परिक्षेत्र यांच्या मुख्यालयाच्या जागेचा फेरविचार करणेबाबत

महोदय,

कोकण परिक्षेत्रात आज ठाणे ग्रामीण, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे पाच घटक आहेत. उत्तरेला तलासरी, दक्षिणेला बांदा. दोन टोकांमधले रस्त्याचे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक भरते. या पाचही घटकांचे मुख्यालय मात्र नवी मुंबईत, बेलापूरला आहे. नवी मुंबईला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय असल्याने बेलापूर या परिक्षेत्राच्या हद्दीतच येत नाही. ज्या अधिकाऱ्याने पाच जिल्हा घटकांवर देखरेख करायची, त्याचे कार्यालय त्या पाचांपैकी एकाही घटकात नाही. कायद्याला यात काही वावगे नाही, पण व्यवहारात याची किंमत मोजावी लागते आणि ती बहुतेक दक्षिणेकडच्या दोन जिल्ह्यांना मोजावी लागते.

आम्ही पत्र लिहिणारे कोकणातले निवृत्त पोलीस कर्मचारी व अधिकारी, स्थापत्य अभियंते आणि फौजदारी वकील आहोत. मुख्यालय आपल्याच गावात यावे असे आमच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी वाटले आहे. ते बाजूला ठेवून आकडे मांडले, तेव्हा निघालेला निष्कर्ष आमच्यापैकी कुणाच्याच मूळ मागणीशी जुळला नाही.

आधी ‘मुख्यालय’ या शब्दाचा घोळ मिटवू. जिल्हा पोलीस मुख्यालय म्हटले की राखीव पोलीस निरीक्षक, शस्त्रागार, कवायतीचे मैदान, मोटार परिवहन विभाग, श्वानपथक, बॉम्बशोधक पथक आणि वसाहत हे सगळे डोळ्यांपुढे येते. त्याला पंचवीस-तीस एकर जागा लागते. परिक्षेत्राचे मुख्यालय वेगळे. ते मुळात एक देखरेखीचे कार्यालय आहे. वाचक शाखा, गुन्हे शाखा, अपील व विभागीय चौकशीची शाखा, आस्थापना, लेखा आणि बिनतारी संदेश कक्ष एवढा त्याचा पसारा. दोन-तीन एकरांत ते नीट बसते. जिल्ह्यांमधून ‘परिक्षेत्र मुख्यालय आमच्याकडे द्या’ अशी मागणी होते तेव्हा पुष्कळदा मनात चित्र असते ते मैदान, वसाहत आणि भरतीचे. ती अपेक्षा या कार्यालयाकडून पुरी होणार नाही, हे लोकांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

मग या कार्यालयाच्या दारात प्रत्यक्ष कोण येते? पोलीस अधीक्षकांची मासिक गुन्हे आढावा बैठक दूरदृश्य प्रणालीवर होऊ शकते आणि होतेही. टपाल ई-ऑफिसमधून जाते. अंतर खरे जाणवते ते तीन कामांत.

पहिले काम मोक्काचे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २३(१) प्रमाणे, उपमहानिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी असल्याशिवाय त्या कायद्याखालील गुन्ह्याची नोंदच घेता येत नाही. जिल्हा पोलीस अधीक्षक हा प्रस्ताव परिक्षेत्राकडे पाठवतात. तो नुसता एका पानाचा अर्ज नसतो. टोळीतल्या प्रत्येक आरोपीचा दहा वर्षांतला गुन्हे अभिलेख, न्यायालयाने दखल घेतलेल्या दोषारोपपत्रांच्या प्रमाणित प्रती, टोळीप्रमुखाशी असलेला संबंध दाखवणारा तक्ता, हे सगळे सोबत लागते. बहुतेक वेळा तपास अधिकारी स्वतः ते बाड घेऊन येतो, कारण त्रुटी निघतात आणि त्या समोरासमोर बसून दूर करणेच सोपे पडते. एखादी प्रमाणित प्रत कमी पडली की परत जायचे, न्यायालयातून ती मिळवायची आणि पुन्हा यायचे. मंजुरी मिळेपर्यंत आरोपी मूळ गुन्ह्यातच कोठडीत असतो. त्याला दोषारोपपत्रासाठीची ६० किंवा ९० दिवसांची साधी मुदत लागू असते आणि जामिनाचा अर्जही त्याच कलमांवर चालतो. ठाणे ग्रामीणच्या तपास अधिकाऱ्याला त्रुटी दूर करून परत यायला एक दिवस पुरतो. ओरोसच्या, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयातल्या, अधिकाऱ्याचे त्याच कामात तीन दिवस जातात, आणि ते तीन दिवस तपासातून वजा होतात.

दुसरे काम अपिलांचे. अधीक्षकांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध शिपाई, हवालदार किंवा सहायक फौजदार यांचे अपील परिक्षेत्राकडे जाते. वेतनवाढ रोखलेला शिपाई समक्ष सुनावणीसाठी बेलापूरला निघतो तेव्हा त्याला एक रात्र जायला लागते, एक रात्र यायला लागते आणि मधला दिवस कार्यालयाच्या बाकावर जातो. ऐनवेळी बंदोबस्त लागून सुनावणी पुढे गेली तर हाच फेरा पुन्हा. खालच्या पगाराच्या माणसाला न्याय मागण्यासाठी एवढा खर्च पडू लागला की तो अपील करतच नाही. अपिलांचा आकडा खाली आला याचा अर्थ तक्रारी कमी झाल्या असा काढता येत नाही.

तिसरे काम तपासणीचे आणि आपत्तीच्या वेळी जागेवर पोहोचण्याचे. त्याविषयी सविस्तर पुढे.

आता अंतरे. खालचे आकडे रस्त्याने, अंदाजे आणि पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे धरून आहेत. बेलापूरहून ठाणे २५, पालघर १०५, अलिबाग ८०, रत्नागिरी ३१५, ओरोस ४३०. बेरीज सुमारे ९५५. मुख्यालय रत्नागिरीला नेले तर ठाणे ३४०, पालघर ४२०, अलिबाग २८०, ओरोस १२०, म्हणजे बेरीज ११६० च्या घरात जाते आणि सर्वांत लांबचा पल्ला जवळजवळ तेवढाच राहतो. आजचा त्रास फक्त दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकेल. रत्नागिरीकरांना हे कटू वाटेल. आमच्यात रत्नागिरीचेही आहेत आणि त्यांनीच ही बेरीज दोनदा तपासली.

नकाशावर पट्टी ठेवून मध्य काढला तर तो पोलादपूर-खेडच्या आसपास पडतो. मध्यावर बसलो की सगळ्यांना सारखे, असा समज असतो. पण घटक एका रांगेत असले की एकूण प्रवास सर्वांत कमी होतो तो मधल्या घटकापाशी. दोन टोकांमधल्या अंतराच्या मध्याशी त्याचा संबंध नसतो. पाच घटकांतला मधला, म्हणजे तिसरा घटक रायगड. म्हणून जागा रायगडात शोधावी लागते. रायगडातही महामार्गाला लागून माणगाव धरले, तर ठाणे १३५, पालघर २१५, अलिबाग ८०, रत्नागिरी २०५, ओरोस ३२०. बेरीज पुन्हा ९५५ च्या आसपास. एकूण प्रवास वाढत नाही, पण सर्वांत लांबचा पल्ला ४३० वरून ३२० वर येतो आणि रत्नागिरीचा माणूस सकाळी निघून रात्री घरी पोहोचू शकतो. आमच्या मते निर्णयाचा पाया हा असावा : बेरीज न वाढवता सर्वांत दूरच्या माणसाचे अंतर किती कमी होते.

या बेरजेत पाचही घटकांना सारखेच वजन दिले आहे. ते तसे नाही, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ठाणे ग्रामीण आणि पालघरची शहरी लोकवस्ती मोठी, गुन्हे अधिक, म्हणून मुख्यालय उत्तरेला, ही मांडणी एकेकाळी बरोबर होती. पण १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झाले. ठाणे ग्रामीणमधून मीरा-भाईंदर आणि पालघरमधून वसई-विरार हे दोन सर्वांत दाट पट्टे परिक्षेत्राच्या हद्दीतून बाहेर गेले. पनवेल-उरण तर आधीपासूनच नवी मुंबई आयुक्तालयाकडे. परिक्षेत्राचा भार दक्षिणेकडे सरकला, कार्यालय मात्र जागेवरच राहिले. नेमके वजन काढायचे तर परिक्षेत्र कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवह्या हाताशी आहेत. २०२१ पासून पुढच्या प्रत्येक वर्षाचे घटकनिहाय मोक्का प्रस्ताव, अपिले, समक्ष सुनावण्या आणि त्रुटीपूर्तीसाठीच्या फेऱ्या मोजा. दोन लिपिकांचे पंधरा दिवसांचे काम आहे. त्या आकड्यांतून माणगावऐवजी पेण किंवा कोलाड पुढे आले तर आमची हरकत नाही.

पेण, अलिबाग, महाड ही नावे चर्चेत येणारच. अलिबागला जिल्ह्याची सगळी कार्यालये आहेत, पण महामार्ग वडखळला सोडून तीस किलोमीटर आत जावे लागते, आणि शनिवार-रविवारी तो रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर धडकले. वीज आणि मोबाइल सेवा अनेक ठिकाणी कित्येक दिवस बंद होती. किनाऱ्यावर वादळ आले असताना त्या जिल्ह्याचे मुख्यालय आणि परिक्षेत्राचे मुख्यालय दोन्ही एकाच वेळी गप्प होणे परवडणारे नाही. पेण बेलापूरपासून इतके जवळ की हलवून हाती फार काही लागत नाही.

महाड आणि चिपळूण ही दोन्ही गावे जागेच्या दृष्टीने आकर्षक आहेत : बाजारपेठ, शाळा, दवाखाने, महामार्ग. २२ जुलै २०२१ या एकाच दिवसाने दोघांचाही प्रश्न निकालात काढला. सावित्रीच्या पुराने महाड आणि वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. महामार्ग तुटला, कोकण रेल्वे थांबली आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. पुण्याहून निघालेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके बुडालेल्या रस्त्यांमुळे वेळेत पोहोचू शकली नाहीत. ज्या गावाला स्वतःलाच मदत लागणार, त्या गावात मदत हलवणारे कार्यालय ठेवू नये. खेडला जगबुडी नदीचे तेच दुखणे. पोलादपूरला घाट.

माणगावच्या बाजूने काय आहे ते सांगतो. मुंबई-गोवा महामार्ग, कोकण रेल्वेचे स्थानक, निजामपूरवरून ताम्हिणी घाटाने पुण्याकडे जाणारा रस्ता, मोर्ब्यावरून म्हसळा-दिघीकडे जाणारा रस्ता आणि कोलाडवरून रोह्याकडची वाट. एक बंद झाली तर दुसरी उरते. ताम्हिणी पावसाळ्यात दरडींमुळे अधूनमधून बंद होतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये, पण चार दिशांपैकी तो एक आहे. महाड-पोलादपूरचा आपत्तीप्रवण पट्टा इथून पाऊण-एक तासावर येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. तसा प्रसंग पुन्हा आला तर वरिष्ठ अधिकारी उजाडण्याआधी जागेवर असतील.

आणि किनारा. १९९३ मध्ये स्फोटके उतरवली गेली ती श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला. ऑगस्ट २०२२ मध्ये एके-४७ रायफली असलेली बेवारस बोट लागली ती हरिहरेश्वरला. हा किनारा माणगावपासून साठ किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, बेलापूरपासून दीडशेच्या पुढे. दिघी बंदर आणि त्याला जोडून केंद्राने २०२४ मध्ये मंजूर केलेले औद्योगिक शहर उभे राहील तसा तिथला बंदोबस्त आणि तिथले गुन्हे दोन्ही वाढणार आहेत.

माणगावच्या विरुद्ध बाजूनेही लिहिले पाहिजे. बाजारपेठेतून जाणारा महामार्ग हा त्या गावाचा मोठा दोष. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिथे वाहने तासन् तास खोळंबतात आणि इंदापूर-माणगाव बाह्यवळणांची कामे वर्षानुवर्षे रखडली. म्हणून कार्यालय बाजारपेठेत किंवा तिच्या दक्षिण-उत्तर तोंडाशी ठेवून चालणार नाही. रेल्वे स्थानक आहे, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. ओरोसच्या अपिलार्थीला सोयीची गाडी नसेल तर नकाशावर कमी झालेले शंभर किलोमीटर त्याच्या उपयोगाचे नाहीत. कोकण रेल्वेकडे थांब्याचा प्रस्ताव मुख्यालयाच्या प्रस्तावासोबतच जायला हवा, मागाहून नव्हे. आणि चौपदरी महामार्गालगतच्या जागेत एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे दुभाजक. समोर दिसणाऱ्या फाटकात शिरायला दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊन वळून यावे लागत असेल तर ती जागा आणीबाणीच्या कामाची नाही. सेवा रस्ता आणि भुयारी मार्ग कुठे आहे हे पाहूनच भूखंड निवडावा.

जागा ठरवताना कोकणात सर्वाधिक वेळ कशात जातो तर सातबाऱ्यात. एका गुंठ्याच्या उताऱ्यावर चाळीस सामाईक खातेदार, त्यातले निम्मे मुंबईत, काही मयत आणि वारसनोंद झालेली नाही. अशा जमिनीचे संपादन कागदावर होते, पण मोबदला कुणाला द्यायचा यावर वाद न्यायालयात जातो. सरकारी पड जमीन सोपी वाटते, मात्र तिच्या इतर हक्कांच्या रकान्यात १९७५ च्या खाजगी वने संपादन अधिनियमाखालची नोंद असेल तर केंद्राच्या वनमंजुरीशिवाय तिथे कुदळ मारता येत नाही. गुरचरणाला हात लावला तर गावाचा विरोध होतो आणि तो बरोबरही असतो. यावर वाट आहे : माणगाव तालुक्यात विळे-भागाड येथे औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र आहे. अशा क्षेत्रातल्या सुविधा भूखंडाचा मालकी हक्क स्वच्छ असतो, रस्ता, पाणी आणि वीज दारापर्यंत आलेली असते. आधी तिथे चौकशी करावी. अट एकच, घातक रसायनांचा कारखाना शेजारी नको.

पूररेषेबाबत एक सूचना कळकळीने करतो. जलसंपदा विभाग निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला धरून आखतो, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. शासकीय इमारतीचा जोता लाल रेषेच्या बाहेर असल्याचा दाखला जोडला जातो, आणि कुणीही रस्त्याचा दाखला मागत नाही. इमारत उंचावर, कोरडी, आणि तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी पहिल्या तीन तासांच्या पावसात पाण्याखाली, असे होते. दाखला फाटकापासून महामार्गापर्यंतच्या सगळ्या पट्ट्याचा घ्यावा. काळ नदीच्या खोऱ्यात तर हे फारच महत्त्वाचे.

इमारतीच्या आराखड्यात बिघडते ते अभिलेख कक्षापाशी. परिक्षेत्र कार्यालयात चौकशीची बाडे, अपिलांच्या मूळ नस्त्या आणि सेवापुस्तके यांचा ढीग दरवर्षी वाढतो. कागद फार जड. साध्या कार्यालयाचा स्लॅब चौरस मीटरला २५० ते ४०० किलो भार धरून बांधतात. छतापर्यंत भरलेल्या लोखंडी मांडण्या त्याच्या दीडपट-दुप्पट भार देतात. म्हणून अभिलेख तळमजल्यावर ठेवतात. कोकणात तळमजल्याला ओल येते, बुरशी येते आणि वाळवी लागते. दोन पावसाळ्यांत मांडणीच्या सर्वांत खालच्या कप्प्यातले कागद एकमेकांना चिकटतात. तेव्हा तळाशी फक्त वाहनतळ, अभिलेख पहिल्या मजल्यावर, आणि तेवढ्या भागाचा स्लॅब सुरुवातीपासूनच त्या भारासाठी. नंतर भार वाढवता येत नाही.

वीज आणि संदेशवहन. दोन वेगळ्या उपकेंद्रांवरून ११ केव्हीचे दोन फीडर मिळाले तर उत्तम, पण वादळात दोन्ही जातात हे धरून चालावे. १२५ केव्हीएचे जनित्र पाऊण भारावर तासाला साधारण बावीस लिटर डिझेल खाते. तीन दिवसांचे सोळाशे लिटर होतात. एक हजार लिटरहून लहान अशा दोन टाक्यांत, एकूण अडीच हजार लिटरच्या आत ते साठवले तर वेगळा साठवण परवाना लागत नाही. जनित्र दोन हवेत, कारण एकच असले की आपत्तीच्या दिवशी नेमके तेच बंद पडते. व्हीएचएफ बिनतारीला समोरासमोर मोकळी वाट लागते आणि माणगाव डोंगरांनी वेढलेले आहे. बिनतारी विभागाने रिपीटरची जागा ठरवून प्रत्यक्ष संदेश पाठवून पाहावा. भूखंडाला मंजुरी त्यानंतरच द्यावी. पोलनेटची (पोलिसांच्या संदेशवहन जाळ्याची) उपग्रह तबकडी छतावर न ठेवता जमिनीवर, वाऱ्याच्या आडोशाला बसवावी.

निवासस्थानांवाचून कार्यालय हलवू नये, यावर आम्ही ठाम आहोत. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला आणि मुख्यालयासाठी कुडाळ व कणकवलीच्या मधले ओरोस निवडले गेले. मध्य साधला, पण गाव वसायला फार काळ गेला. अजूनही कितीतरी कर्मचारी कुडाळ-कणकवलीला राहून ये-जा करतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि सिडकोने बांधलेल्या मुख्यालय संकुलाचे उद्घाटन झाले ऑगस्ट २०२१ मध्ये. मधली सात वर्षे तात्पुरत्या जागांत गेली. माणगावला साठ कुटुंबांची वसाहत धरली तर माणशी १३५ लिटर प्रमाणे रोज चाळीस हजार लिटर पाणी लागेल. ते मे महिन्यात मिळते का, हे मे महिन्यातच पाहावे. घरे आणि पाणी नसेल तर अधिकारी आपले ‘शिबिर कार्यालय’ मुंबईतच ठेवतील, माणगावला पाटी राहील आणि ओरोसच्या शिपायाला आधी माणगाव आणि मग बेलापूर असे दोन हेलपाटे पडतील. तसे होणार असेल तर कार्यालय आज आहे तिथेच राहिलेले बरे.

बेलापूरला ठेवण्यासारखे काय आहे, तेही मान्य करतो. विभागीय आयुक्तांचे कार्यालय तिथेच कोकण भवनात आहे. मंत्रालय आणि महासंचालक कार्यालय जवळ. नौदल, तटरक्षक दल यांच्या समन्वयाच्या बैठका मुंबईतच होतात. मुंबईच्या उच्च न्यायालयात रायगड, ठाणे आणि पालघरच्या याचिका चालतात. यासाठी सहा-आठ जणांचा समन्वय कक्ष बेलापूरला कायम ठेवावा. तपासाच्या मंजुरीचे अधिकार त्याच्याकडे नसावेत.

दक्षिणेचे मात्र माणगावने पूर्ण भागत नाही. कशेडीला बोगदा झाला तरी परशुराम घाट आणि चिपळूणचा पट्टा अतिवृष्टीत बेभरवशाचा आहे. तो बंद झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्ग माणगावपासून तेवढेच तुटतात जेवढे बेलापूरपासून. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले आणि रत्नागिरी व सिंधुदुर्गची प्रकरणे तिकडे गेली. परिक्षेत्राच्या आदेशाला आव्हान देणारी याचिका आता कोल्हापुरात आणि मूळ नस्ती बेलापुरात, असा पेच आहे. कोल्हापूर रत्नागिरीहून आंबा घाटाने साधारण १३० किलोमीटर. म्हणून रत्नागिरीला परिक्षेत्राचे उपकार्यालय हवे, आणि तिथे उपमहानिरीक्षक दर्जाचाच अधिकारी नेमावा, म्हणजे मोक्काची पूर्वमंजुरी तिथल्या तिथे देता येईल. त्याहून खालच्या दर्जाचा अधिकारी दिला तर ते फक्त टपाल पुढे ढकलण्याचे आणखी एक टेबल होईल. ओरोसला महिन्यातून ठरलेल्या दोन वारी अपिलांची समक्ष सुनावणी ठेवली तर शिपायाला जिल्हा सोडावाच लागणार नाही. याला नवी इमारत लागत नाही. एक आदेश पुरतो आणि तो मुख्यालयाच्या निर्णयाची वाट न पाहता काढता येईल.

राहिली पडताळणी. जागा पाहणीचे दौरे उन्हाळ्यात, दिवसा, मोकळ्या रस्त्यावर होतात आणि अहवालात तेच तास लिहिले जातात. आमची विनंती आहे की माणगाव, पेण आणि बेलापूर या तिन्ही ठिकाणी पाचही अधीक्षक कार्यालयांमधून प्रत्यक्ष गाड्या सोडाव्यात : एकदा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अतिवृष्टीचा इशारा असलेल्या रात्री, एकदा गणेश चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी, एकदा साध्या मंगळवारी. निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ चालकाच्या लॉगबुकात लिहावी. कुठे थांबावे लागले, का, किती मिनिटे, तेही. पंचेचाळीस नोंदी होतील. या नोंदींतल्या वेळा परिक्षेत्राच्या आवक-जावक नोंदवह्यांतल्या घटकनिहाय आकड्यांनी गुणून प्रसिद्ध कराव्यात आणि त्यावर महिनाभर हरकती मागवाव्यात.

यातल्या अतिवृष्टीच्या चाचणीसाठी आदेश जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी निघायला हवा. तो चुकला तर पुढचे वर्ष उजाडेल. नोंदवह्यांची मोजणी आणि ओरोसच्या सुनावण्यांचा आदेश या दोन गोष्टींना पावसाळ्याची गरज नाही. त्या याच महिन्यात सुरू कराव्यात, ही विनंती.

आपले,
रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर व ठाणे ग्रामीण भागातील निवृत्त पोलीस कर्मचारी व अधिकारी, स्थापत्य अभियंते आणि वकील